बाटली धुऊ नये

आमच्या प्रयोगशाळेत पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याची किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब बहुतेक वेळा पालघरला मीटिंगला असतात, त्यामुळे पुस्तकं चांगल्या स्थितीत आहेत. अपवाद एका लाल पुस्तकाचा. रासायनिक तपासणीच्या कार्यपद्धतींवरचा तो ग्रंथ पावसाळाभर बाहेर असतो, कारण जव्हारच्या वाऱ्यापुढे आमच्या मागच्या दाराची कडी टिकत नाही आणि दाराला लावायला तेवढंच वजन पुरतं. माझ्या नोकरीत एवढं नियमित उपयोगी पडलेलं दुसरं पुस्तक मला आठवत नाही.

मी पाणी तपासते. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या विहिरींचं, हातपंपांचं, नळांचं पाणी बाटल्यांमधून आमच्याकडे येतं. त्यात जंतू आहेत का, क्षार किती आहेत ते बघायचं आणि कागदावर ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असं लिहून सही करायची. काम सरळ आहे. सरळ काम बरीच वर्षं केलं की माणूस स्वतःला फार शहाणा समजायला लागतो, तशी मीही समजत होते.

मार्च महिन्यात सरकारी कचेऱ्यांना अचानक पुस्तकांची गोडी लागते. तशी ती आम्हालाही लागली. वरून पत्र आलं की तांत्रिक व शास्त्रीय कार्यपद्धतींवरची उपयुक्त पुस्तकं निवडून यादी सादर करावी, काही प्रयोगशाळेसाठी आणि काही गावोगाव पाण्याचे नमुने घेणाऱ्यांसाठी. सोबत तक्ता होता आणि तक्त्यात शेवटचा रकाना होता, ‘निवडीचे कारण’.

“मॅडम, हे तुम्हीच करा. तुम्हाला वाचायची सवय आहे,” साहेब म्हणाले. एखादीला पित्ताचा त्रास आहे म्हणावं तशा आवाजात म्हणाले. मग जाता जाता दारातून सांगितलं, “जरा जाड बघून घ्या. तपासणीला कुणी आलं तर कपाट भरलेलं दिसलं पाहिजे.”

दुसऱ्या कुठल्या वर्षी मी जाड बघून घेतलीही असती. त्या वर्षी माझ्या डोक्यात एक पाडा बसला होता.

सूर्यमाळच्या पुढे, उतारावर, तीसेक घरांचा पाडा आहे. भात, नागली आणि एक विहीर. आदल्या पावसाळ्यात तिथली आठ-नऊ पोरं जुलाब-उलट्यांनी मोखाड्याच्या दवाखान्यात भरती झाली. सगळी वाचली. त्या पाड्यावरून आमच्याकडे नमुने पाठवणारी एक बाई आहे. कागदावर तिला जलसुरक्षक म्हणतात, मी ताई म्हणते. सातवी शिकलेली, चाळिशी ओलांडलेली, आजी झालेली. तिची चार वर्षांची नात दोन दिवस सलाईनवर होती. नात घरी आल्यावर ताई एसटीने जव्हारला आली आणि माझ्या टेबलावर चार घड्या घातलेला कागद उलगडून ठेवला. त्यावर त्यांच्या विहिरीचं पाणी ‘पिण्यास योग्य’ होतं आणि खाली माझी सही होती.

“म्याडम, पानी चांगला हाय त पोरां कशानं पडली?”

मी तिला शिळं अन्न, माश्या आणि न धुतलेले हात यांच्याबद्दल बरंच काही सांगितलं. तिने ते सगळं ऐकून घेतलं, “बरा,” म्हणाली आणि परतीची गाडी पकडायला गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कागद ‘योग्य’ असला की पुढे काहीच हलत नाही. विहिरीतला गाळ काढायचा आणि कठडा बांधायचा त्या पाड्याचा अर्ज परत आला, कारण अहवाल चांगला. घरोघर वाटायच्या क्लोरीनच्या बाटल्या ‘अयोग्य’ शेरा असलेल्या पाड्यांवर गेल्या, इथे आल्या नाहीत, कारण अहवाल चांगला. म्हणजे त्या विहिरीच्या आणि मदतीच्या मध्ये माझी सही उभी होती. मी दिवाळीनंतर तीन वेळा पुन्हा नमुने मागवले. तिन्ही वेळा पाणी इतकं निर्मळ निघालं की जव्हार शहराच्या नळाला लाज वाटावी. मी जंतू वाढवायच्या द्रावणावर संशय घेतला, उबवणीच्या पेटीवर घेतला, शेवटी स्वतःवर घेतला. हा शेवटचा संशय मी लगेच दूर केला. पण जूनच्या आत काही सापडलं नाही तर तीच पोरं तेच पाणी पिऊन पुन्हा त्याच खाटांवर येणार, हे मला दिसत होतं आणि माझी झोप उडाली होती.

अशात नाशिकच्या पुस्तकविक्रेत्याकडून दोन खोकी पुस्तकं बघायला आली. मी ठरवलं की ती मी एकटीने वाचायची नाहीत. पाककृतीचं पुस्तक घेताना आपण लिहिणारीच्या पदव्या बघत नाही, त्यातली भाजी होते की नाही ते बघतो. ज्यांनी नमुने घ्यायचे त्यांच्यातल्याच एकीला वाचायला द्यावं, वाचून करायला सांगावं, आणि जे पुस्तक वाचून काम नीट होईल ते घ्यावं. मी ताईला निरोप पाठवला की बाजाराला याल तेव्हा इकडून जा.

ती आली, पिशवी पायाशी ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पहिलं पुस्तक मराठी होतं, पुठ्ठ्याच्या बांधणीचं. तिने बोट ठेवत वाचलं, ‘नमुना घेताना आवश्यक ती दक्षता घ्यावी.’

“म्हंजे काय करू?” तिने विचारलं.

मी म्हटलं, पुढे वाचा. पुढे लिहिलं होतं की नमुना योग्य त्या खबरदारीसह पाठवावा. तिसऱ्या पानावर समुचित उपाययोजना आली तेव्हा तिने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. “ह्यो सांगत काय नाय. नुसता भ्या घालतो.”

दुसरं पुस्तक भाषांतर होतं, कुठल्यातरी भरपूर पाण्याच्या देशातलं. त्यात लिहिलं होतं की नमुना घेण्याआधी नळ तीन मिनिटं पूर्ण सोडून ठेवावा.

“एप्रिलात बी?”

“एप्रिलातही.”

“पानी आलं तरी अर्धा घंटा येतं, म्याडम. तीन मिंटं सोडला त बायां मला हिरीत टाकतील.”

मी ‘निवडीचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘निवड नाही. नमुना घेणारीच्या जिवास धोका.’ साहेबांनी नंतर ते खोडलं, पण मी पेनने लिहिलं होतं, अजून वाचता येतं.

तिसरं पुस्तक देखणं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, प्रत्येक फोटोत हातमोजे घातलेले दोन हात. ताईला ते फार आवडलं. मलाही वाटलं की हे घ्यायला हरकत नाही, साहेबही खूश होतील. एका फोटोत हातात रिकामी बाटली होती, शेजारच्या फोटोत तीच बाटली भरलेली. मी निर्जंतुक केलेली एक बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “हे बघून करून दाखवा. घरी करता तसंच.”

तिने झाकण काढलं. आत डोळा लावून बघितलं, आणि मग न घासलेल्या ताटात जेवायला वाढलं असतं तर जसं बघितलं असतं तसं माझ्याकडे बघितलं.

“आत घान हाय. पांढरा काय तरी चिकटलाय.”

ती पांढरी पूड आम्हीच घालतो. पाण्यात क्लोरीन असेल तर वाटेत तो बाटलीतल्या जंतूंना मारत बसू नये म्हणून ती असते. हे मी सांगणार तोवर ताई बेसिनपाशी पोचली होती. “राख नाय कां तुमच्याकडं?” राख नव्हती. तिने भांड्यांची पावडर घेतली, बोट आत घालून बाटली घासली, तीन पाण्यांनी विसळली, उजेडात धरून बघितली आणि मगच तिचं समाधान झालं.

मी विचारलं, “घरीही असंच करता?”

“मंग? नेमी. राखुंडीनं दोनदा घासते.”

“आणि पाणी? ते तर विहिरीवरच भरता ना?”

“हिरीवरचा कसा देणार? गढूळ असतं. घरी आनते, पदरानं गाळते, उकळते, निवला कां भरते.” मी बघतच राहिले, तेव्हा तिला वाटलं मला अजून खात्री हवी आहे. “जव्हारला जायचा पानी, म्याडम. बाटलीवर पाड्याचं नाव लिवतो आमी.”

मला आधी हसू आलं, मग राग आला. राग कुणावर काढावा म्हणून मी खोलीत बघितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि तिची चूक नव्हती.

गावोगावच्या या बायांना नमुने घ्यायला मीच शिकवलं होतं. खोडाळ्याच्या शाळेत, हातात पुस्तक घेऊन. ‘नमुना स्वच्छ बाटलीत घ्यावा,’ असं मी मोठ्याने वाचलं होतं आणि दोनदा वाचलं होतं. बाटली धुऊ नका असं सांगितलं नव्हतं. मला ते इतकं माहीत होतं की सांगायचं सुचलंच नाही. शिवाय रासायनिक तपासणीची बाटली विसळून घ्यायची असते, तेही मी त्याच दुपारी सांगितलं होतं. दोन बाटल्या, दोन उलटे नियम, आणि चहाच्या आधी संपवायची घाई.

खोक्यात तळाशी एक पातळ पुस्तक होतं, तारेच्या बांधणीचं, वहीसारखं. कुणी घेणार नाही म्हणूनच ते तळाशी गेलं होतं. त्यात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक चौकट होती, ‘इथे चुकतं’. पहिली ओळ होती, ‘बाटली धुऊ नये. आतली पांढरी पूड तशीच राहू द्यावी.’ दुसरी ओळ, ‘लोक जिथून पाणी भरतात तिथूनच घ्यावं. घरातलं देऊ नये.’ लिहिणाऱ्याने आयुष्यात कधीतरी अशी घासलेली बाटली बघून माझ्यासारखंच तोंड केलं असणार, त्याशिवाय असं लिहिता येत नाही. मी त्या ओळी ताईला वाचून दाखवल्या.

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि त्या ओळींवर स्वतः बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हंजे मी आमचा उकळलेलाच पानी तुमच्याकडं धाडत व्हते.” आणि थोड्या वेळाने, “माझी नात तोच हिरीचा पीत व्हती.”

तेव्हा मी सांगायला हवं होतं की ताई, चूक माझी आहे. मी म्हटलं, “चहा घेता का?” ती नको म्हणाली.

एप्रिलमध्ये मी तिच्याबरोबर त्या विहिरीवर गेले. गाडी डांबरी संपते तिथवर जाते, पुढे उतरून चालायचं. विहिरीच्या तळाशी डबकं उरलं होतं. एक बाई आत उतरून वाटीवाटीने हंडा भरत होती आणि वर बाकीच्या आपला नंबर यायची वाट बघत होत्या. ताईने न धुतलेली बाटली दोरीला बांधली तेव्हा त्यांच्यात एकच गलका झाला.

“ह्या पानी नेतेस?”

“दुपारपतूर थांब, निवळेल तरी.”

“पाड्याला हसतील जव्हारला!”

ताईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही माघार घेणार. तिने कमरेला खोचलेला कागद काढला. त्या चौकटीतल्या ओळी तिने स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतल्या होत्या. तो कागद तिने वाचला नाही, नुसता हातात धरला आणि दोरी सोडली. भरलेल्या बाटलीचं झाकण लावताना ती कुणाकडेही बघत नव्हती.

जांभळ्या द्रावणाच्या नळ्या दोन दिवसांत सगळ्याच्या सगळ्या पिवळ्या पडल्या, म्हणजे पाण्यात जंतू होते. मी ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलं, सही केली आणि तो कागद टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेले. सोबत ते पातळ पुस्तक नेलं. आता मला उपयुक्त पुस्तक कोणतं ते कळलं आहे, असा माझा थोडा तोराही होता.

शाळेच्या ओट्यावर बाया जमल्या. मी अहवाल वाचला. पुढे एक बाई बसली होती, तिची दोन्ही पोरं आदल्या पावसात दवाखान्यात होती. तिने विचारलं, “मंग मागच्या पावसात कागद चांगला कसा व्हता?”

ताई उठून उभी राहिली. “चूक माझी. मी बाटली धुतली. घरचा उकळलेला पानी भरला.”

मी गप्प राहिले. क्षणभर, असं लिहिणार होते. पण क्षण नव्हता तो, बऱ्यापैकी लांब होता. तेवढ्या वेळात तीन-चार बायांनी ताईकडे वळून पाहिलं आणि मला स्वतःची शिसारी आली. मी उठले. “धुऊ नका हे मी सांगायचं होतं. शिकवलं मी, सही माझी, आणि पोरं आजारी पडल्यावरही मी इथे बघायला आले नाही. चूक हिची नाही, माझी आहे.”

कुणी मला क्षमा केली नाही. पुढची बाई म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे. आता काय करायचा ते सांगा.”

हे मी सांगू शकत होते. मी पुस्तक उघडलं, विहिरीचा गाळ, कठडा, क्लोरीन सगळं क्रमाने वाचलं. हे होईपर्यंत काय, तेही त्यात होतं, ‘पाणी उकळून, गार करून प्यावे.’

“हिनं बाटलीपुरता उकळला व्हता, म्याडम,” ती बाई म्हणाली. “साऱ्या घराला रोज उकळायला लाकडां कुठनं आनू?”

मी ‘इथे चुकतं’ची चौकट बघितली. त्यात हे नव्हतं.

‘अयोग्य’ शेऱ्याचा कागद मात्र झपाझप फिरला. मे महिन्यात गाळ निघाला, कठड्याचं काम सुरू झालं, क्लोरीनच्या बाटल्या मी गाडीत घालून स्वतः पोचवल्या. यादी साहेबांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी ते पातळ पुस्तक दोन बोटांत धरून बघितलं. “मॅडम, हे तर दिसायचंसुद्धा नाही कपाटात.” मग जरा विचार करून म्हणाले, “वीस प्रती घ्या. म्हणजे कप्पा भरेल.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. प्रती आल्यावर प्रत्येकीत, त्या चौकटीखाली, मी हाताने एक ओळ लिहिली, ‘लाकूड आहे का ते आधी विचारावे. नसेल तर उकळा म्हणू नये, क्लोरीनचे थेंब द्यावेत.’ वीस वेळा लिहिली. शाळेत शिक्षा म्हणून लिहायचो तशी. मग प्रती कपाटात न ठेवता वाटून टाकल्या. साहेबांना अजून माहीत नाही.

पाऊस लागला तशी मला एक सवय लागली. मोखाड्याला काही काम निघालं की मी दवाखान्यात डोकवायची आणि सिस्टरला विचारायची, कुठल्या पाड्यांवरची पोरं आहेत. ती नावं सांगायची. तो पाडा नसायचा. ताईचा निरोप यायचा की ती रोज सकाळी विहिरीपाशी उभी राहून प्रत्येक हंड्यात थेंब टाकते, आणि बाया पाण्याला वास येतो म्हणून तिला शिव्या देतात. मी तिला कळवलं, शिव्या खा.

भातलावणी झाली होती त्या दिवसांत एकदा सिस्टर म्हणाली, “तुमच्या त्या पाड्याची एक पोरगी आली आहे सकाळी.”

आम्ही उभ्या होतो तिथून लहान मुलांची खोली वीस पावलंही नसेल. तेवढ्या अंतरात माझ्या मनात सगळं येऊन गेलं. कठडा अर्धाच झालेला, वरचं पाणी आत गेलं असेल, थेंब कमी पडले असतील, मी सांगताना काहीतरी पुन्हा राहून गेलं असेल. दारातूनच मला ताई दिसली. खाटेवर बसली होती आणि मांडीवर नात होती, तीच. माझी पावलं दारातच थांबली.

ताईने मला बघितलं, आणि मी का उभी राहिले ते तिला कळलं. तिने नातीच्या अंगावरची चादर घाईघाईने बाजूला केली. कोपरापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर होतं.

“ओढ्यात चिंबोऱ्या धराया गेली, दगडावरनं घसरली,” ती म्हणाली. “हात मोडलाय, म्याडम. पोट चांगला हाय.”

पोरगी कळवळून रडत होती. आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना, शेवटी सिस्टर येऊन रागावली.